दोन अधिक दोन, सही-शिक्क्यानिशी

कॉम्प्युटरला बेरीज येते असा आपल्याकडे एक समज आहे. त्या समजावर बँका चालतात, लाइटचं बिल येतं, दहावीचा निकाल लागतो. पण हा समज खरा आहे का, हे बघायला कुणीतरी खुर्ची टाकून बसावं लागतं. ती खुर्ची माझी. सकाळी डबा घेऊन मी ऑफिसला जाते आणि कॉम्प्युटरला विचारते, दोन अधिक दोन किती? तो म्हणतो, चार. मी म्हणते, बरं. मग विचारते, दोन अधिक उणे दोन किती? नुसते दोन दिले आणि पुढे काहीच दिलं नाही, तर किती? काहीच न देता नुसतंच ‘बेरीज कर’ म्हटलं, तर? अशी दिवसभर उलटतपासणी घेऊन मी संध्याकाळी घरी येते. याचा दरमहा पगार मिळतो, आणि माझ्या सासूबाईंना या प्रकारात काही पटत नसेल तर ते हेच.

नातेवाइकांना खोलात जाऊन सांगणं मी केव्हाच सोडलं. लग्नाकार्यात कुणी विचारलंच तर “टेस्टिंगमध्ये आहे” एवढं म्हणून जिलबीकडे वळते. त्यावर नवऱ्याच्या एका आत्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, “थायरॉईडचं किती घेता गं तुम्ही? घरी येऊन रक्त नेता का?” मी म्हटलं, आमच्याकडे माणसांची टेस्ट नसते, कंसांची असते. तेव्हापासून आत्या माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

तर आधी कामाचं सांगते. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट हा शब्द निक साबो या गृहस्थांनी १९९० च्या दशकात काढला. करार कागदावर न लिहिता प्रोग्रामात लिहायचा. अट पुरी झाली की पैसे आपोआप हलतात. मध्ये वकील नाही, साक्षीदार नाही, ‘साहेब जेवायला गेलेत’ नाही. पुढे ब्लॉकचेन आली आणि या कराराला राहायला जागा मिळाली. तिथे तो एकदा चढला की सहसा खाडाखोड होत नाही. म्हणजे चूक करायची मुभा आहे, ती मागे घ्यायची नाही. ज्या क्षेत्रात असा नियम असतो तिथे आमच्यासारख्यांची पोटं भरतात.

मी जिच्याशी झटते त्या भाषेचं नाव क्लॅरिटी. स्टॅक्स नावाच्या ब्लॉकचेनवर ती जानेवारी २०२१ पासून चालते. इतर बऱ्याच ठिकाणी करार आधी यंत्राला कळेल अशा रूपात उतरवतात आणि ते माणसाला न वाचता येणारं बाड ब्लॉकचेनवर चढवतात. क्लॅरिटीत मूळ मजकूरच चढतो, आणि रस्ट भाषेत लिहिलेला इंटरप्रिटर तो वाचून अमलात आणतो. कारभार कडक आहे. फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावायचं नाही. थांबणारच नाही असं चक्र लिहायचं नाही. दशांश चिन्ह तर नाहीच; एक भागिले तीन म्हणजे शून्य, आणि त्या शून्याला पुन्हा तिनाने गुणलं तरी शून्यच. भांडायचं असेल तर आधी गुणा, मग भागा.

भाषेसोबत काही फंक्शनं जन्मजात येतात: बेरीज, वजाबाकी, घात, वर्गमूळ, यादीतून काही शोधणं, शब्दाची लांबी मोजणं, पैसे पाठवणं. ही सगळ्या करारांना सामाईक. एखाद्या करारात घोळ असेल तर तो करार बुडतो. बेरजेत घोळ असेल तर सगळेच. म्हणून या अंगभूत फंक्शनांची तपासणी वेगळी, आणि ती माझ्याकडे.

टेस्टची रचना साधी असते. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला अपेक्षित उत्तर. यंत्राने दिलेलं उत्तर जुळलं तर हिरवं, नाही तर लाल. क्लॅरिटीला लिस्पचं वळण असल्यामुळे सगळं कंसात आणि क्रिया आधी: (+ २ २). सासूबाईंनी एकदा चहाचा कप ठेवता ठेवता माझ्या स्क्रीनवर हे वाचलं. सासूबाई म्हणजे सहकारी बँकेच्या कॅश काउंटरवर उभी हयात काढलेली बाई. नोटेकडे न बघता नुसत्या बोटांनी खोटी ओळखणारी.

“अधिक दोन दोन?” त्या म्हणाल्या. “अधिक आधी?”

“हो आई, या भाषेत तसंच असतं.”

“आणि पुढे हे चार कुणी लिहिलं?”

“मी.”

“म्हणजे उत्तर तुला आधीच माहीत आहे.”

“हो.”

“त्यालाही माहीत आहे?”

“असावं अशी अपेक्षा आहे.”

“मग विचारतेस कशाला?”

आमच्या पेशावर इतका नेमका घाव कुठल्याही मॅनेजरने घातलेला नाही. मी त्यांना बसवलं आणि ब्यूटीचेनची गोष्ट सांगितली.

२०१८ च्या एप्रिलमध्ये इथेरियम नावाच्या दुसऱ्या एका ब्लॉकचेनवर ब्यूटीचेन नावाचं एक टोकन होतं. त्याच्या करारात एकाच वेळी अनेकांना सारखी रक्कम पाठवायची सोय होती. हिशेब सरळ: माणसं किती, गुणिले प्रत्येकी रक्कम, एवढी शिल्लक पाठवणाऱ्याकडे आहे का ते बघा, असेल तर वजा करा आणि वाटा. कुणा एका हुशार माणसाने माणसं दिली दोन आणि प्रत्येकी रक्कम दिली दोनाचा २५५ वा घात. हा आकडा सत्त्याहत्तर अंकी आहे. त्याची दुप्पट म्हणजे दोनाचा २५६ वा घात, आणि इथेरियमच्या यंत्रात मावणारा आकडा २५६ बिटांचा. दुप्पट त्यात एका पावलाने मावत नाही. मावत नाही म्हटल्यावर यंत्राने काय करावं? त्याने मुकाट्याने शून्य धरलं. एकूण रक्कम शून्य.

“शिल्लक तपासली नव्हती का?” सासूबाई.

“तपासली होती ना. शून्य काढायला शिल्लक पुरेशी असतेच.”

सासूबाईंनी कप खाली ठेवला. पाठवणाऱ्याच्या खात्यातून वजा झालं शून्य, आणि दोघांच्या खात्यात जमा झाले प्रत्येकी सत्त्याहत्तर अंकी टोकन. कराराने लबाडी केली नाही, चोरी केली नाही, एकही अट मोडली नाही. त्याला फक्त गुणाकार येत नव्हता. इथेरियमवरच्या मुख्य भाषेने, सॉलिडिटीने, ही तपासणी आपणहून करायला सुरुवात केली ती ०.८ आवृत्तीपासून, डिसेंबर २०२० मध्ये.

“बरं,” सासूबाई म्हणाल्या, “विचार तू दोन अधिक दोन.” त्या दिवसापासून माझ्या पगाराबद्दल घरात कुजबुज नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःच प्रश्न सुचवायला सुरुवात केली, हा त्याचा दुष्परिणाम.

क्लॅरिटीत पूर्णांक १२८ बिटांचे असतात. उणे आकडेही चालतात त्या प्रकारातला सगळ्यात मोठा: १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. एकोणचाळीस अंक. भास्कराचार्यांनी लीलावतीत एकं-दहंपासून नावं द्यायला घेतली ती परार्धाशी थांबवली. ती अठरा घरं. परार्धाच्या वेशीबाहेर इथे आणखी एकवीस घरांची वस्ती आहे आणि तिथे कुणाला नाव नाही, गाव नाही. मला लहानपणी पावकी-निमकी पाठ झाली नाही, पण हा आकडा झोपेतून उठवलं तरी येतो. यात एक मिळवायचा आणि बघायचं: यंत्राने हात वर केले पाहिजेत. ‘ओव्हरफ्लो’ असं स्पष्ट म्हटलं पाहिजे आणि व्यवहार जागीच रद्द केला पाहिजे. एक कमी केला तर मात्र निमूट उत्तर द्यायचं. वजाबाकीत तेच, उलट्या दिशेने. आणि जिथे उणे आकड्यांना प्रवेशच नाही तिथे पाचातून सहा काढायला सांगायचं. आमच्या कामात अर्धा वेळ यंत्र बरोबर उत्तर देतं का ते बघण्यात जातो आणि अर्धा वेळ ते बरोबर ठिकाणी नकार देतं का ते बघण्यात. पहिल्यापेक्षा दुसरं अवघड. नकार देणं माणसांनाही जमत नाही.

शून्याने भागणं ही तर टेस्टिंगवाल्यांची कुलदेवता. भागाकाराचं कुठलंही फंक्शन आलं की पहिला नारळ तिथे. या प्रश्नावर आपल्याकडचे मतभेद जुने आहेत. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असं सांगून टाकलं. भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटलं आणि ती अनंत ठरवली: तिच्यात कितीही घाला, कितीही काढा, ती हलत नाही. (चाळीसगावजवळ पाटण्याला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठाची सोय केली, अशी त्यात नोंद. आधीच्या माणसाने लिहिलेलं पुढच्याने इतक्या आदराने सांभाळल्याचं उदाहरण आमच्या धंद्यात मी पाहिलेलं नाही.) इथेरियमच्या यंत्रातली भागाकाराची मूळ आज्ञा कशालाही शून्याने भागलं की शून्य देऊन मोकळी होते. कुरकुर नाही. क्लॅरिटी तिथल्या तिथे थांबते, आणि त्या व्यवहारात तोवर जे काही हललं असेल ते पूर्ववत होतं. माझं वैयक्तिक मत क्लॅरिटीच्या बाजूने आहे. भास्कराचार्यांचं उत्तर सुंदर आहे, पण अनंत रुपये कुणाच्या खात्यात टाकता येत नाहीत.

यातली खरी गंमत ‘आणि’ या फंक्शनात आहे. समजा दोन अटी दिल्या. पहिली: ‘खोटं’. दुसरी: ‘एक भागिले शून्य हे एकाबरोबर आहे’. दोन्ही खऱ्या असतील तरच खरं. यंत्र पहिली बघतं, ती खोटी निघते, म्हणजे निकाल लागला; दुसरीकडे ते ढुंकूनही बघत नाही. शून्याचा सुतळी बॉम्ब तिथे वात न पेटवता पडून राहतो. उत्तर: खोटं. आता त्याच अटी उलट क्रमाने द्या. धडाम. दोन्ही टेस्ट लिहाव्या लागतात, कारण उद्या कुणी उत्साही माणूस ‘दोन्ही आधीच काढून ठेवू, काम वेगाने होईल’ म्हणाला तर पहिली टेस्ट लाल झाली पाहिजे.

हे मी घरी सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे पहिल्याने नाही म्हटलं की दुसऱ्याला विचारतच नाहीत. तुझे सासरे तसेच. काश्मीरला जायचं का, हे आधी स्वतःला विचारायचे.”

ऋण संख्यांचा भागाकार हा आमच्याकडे नव्या मुलांना घाम फोडणारा विषय. टीममध्ये नवा आलेला एक मुलगा पायथॉन या भाषेत वाढलेला. त्याने उणे सातला दोनाने भागून पाहिलं. पायथॉन म्हणतं उणे चार, बाकी एक. क्लॅरिटी म्हणते उणे तीन, बाकी उणे एक. त्याने सकाळी सकाळी लाल अक्षरांत बग नोंदवला, वर ‘क्रिटिकल’ असं लिहून, आणि आपल्या पहिल्याच आठवड्यात भाषा पाडल्याच्या आनंदात सगळ्यांना कॉफी पाजली. कॉफी पिऊन झाल्यावर मी त्याला ताळा करायला लावला. उणे चार दुणे उणे आठ, अधिक एक, उणे सात. उणे तीन दुणे उणे सहा, उणे एक, उणे सात. दोन्ही ताळे जुळतात. पायथॉन नेहमी खालच्या आकड्याकडे उतरतं. क्लॅरिटी, रस्टच्या वळणावर जाऊन, शून्याकडे सरकते. बग बंद केला. कॉफीचे पैसे कुणी परत केले नाहीत.

सासूबाईंचा कौल इथेही ठाम. “सात रुपये देणं आहे, दोघांत वाटलं, प्रत्येकी तीन. राहिलेला एक रुपया देणंच असणार ना? कर्जातून बाकी जमा कशी निघेल?” पायथॉनच्या बाजूनेही गणिती कारणं आहेत आणि ती चांगली आहेत, पण काउंटरच्या आत बसलेल्या माणसासमोर ती टिकत नाहीत.

आता बाबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, प्रश्न. ते सांगलीकडे मराठीचे शिक्षक होते. निवृत्त झाले तरी लाल पेन खिशातच असतं. मला शब्दाची लांबी मोजणाऱ्या फंक्शनची टेस्ट लिहायची होती. जगभरचे लोक तिथे इमोजी टाकतात. मी म्हटलं, आपण आपली लक्ष्मी टाकू. पैशाच्या व्यवहारात शुभही असतं. कराराच्या मजकुरात देवनागरी थेट चालत नाही, एकेका चिन्हाचा युनिकोड क्रमांक द्यावा लागतो. तो दिला. उत्तर आलं, सात. खात्रीसाठी बाबांना फोन लावला.

“बाबा, लक्ष्मी या शब्दात अक्षरं किती?”

“दोन. ल आणि क्ष्मी. हे विचारायला फोन केलास?”

“कॉम्प्युटर सात म्हणतो.”

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग, “कुणाकडे शिकलाय तो?”

मी समजावलं: ल, क, पाय मोडल्याची खूण, ष, पुन्हा पाय मोडल्याची खूण, म, आणि दीर्घ वेलांटी. सात चिन्हं. साठवायला प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे एकवीस. बाबांनी दीर्घ वेलांटीला स्वतंत्र नागरिकत्व दिल्याबद्दल निषेध नोंदवला. आणि मला नेमक्या त्याच वेळी खरं बोलायची बुद्धी झाली. तुकडा कापून देणारंही एक फंक्शन आहे, मी म्हटलं. पहिली तीन चिन्हं मागितली तर ते ‘लक्’ देतं, पायमोडक्या क-सकट. आणि तिसऱ्या जागेवर काय आहे एवढंच विचारलं तर नुसती पाय मोडल्याची खूण देतं, अक्षराशिवाय.

“नुसता पाय?”

“नुसता मोडलेला.”

“आणि हे यंत्र लोकांच्या पैशाचे करार वाचतं,” असं म्हणून बाबांनी फोन आईकडे दिला. टेस्टमध्ये मी सात लिहिलंय. बाबांचा निषेध टेस्टच्या वरच्या टिपेत आहे, कारण टिपा यंत्र वाचत नाही.

पैसे पाठवण्याच्या फंक्शनवर मात्र घरात एकमत झालं. ते चुकलं तर नुसतं ‘चुकलं’ म्हणत नाही, क्रमांक देतं. १: शिल्लक नाही. २: देणारा आणि घेणारा एकच. ३: रक्कम शून्य. ४: ज्याच्या खात्यातून काढायला निघालास तो तू नव्हेस. सासूबाईंनी ही यादी वाचून मान डोलवली. म्हणाल्या, काउंटरवर आयुष्यभर हीच चार माणसं आली, फक्त इतक्या ओळीने आली नाहीत. मग चष्मा काढून विचारलं, “आणि शून्य रुपये स्वतःलाच पाठवले तर?”

दोन गुन्हे एकदम. तक्रार कोणती करायची, दोन की तीन? बाहेरच्याला वाटेल, काय फरक पडतो, व्यवहार तर होणारच नाही. पण पुढे कुणाच्या तरी करारात ‘क्रमांक दोन आला तर असं कर, तीन आला तर तसं’ असं लिहिलेलं असू शकतं. आणि एका नोडवर, म्हणजे ब्लॉकचेन चालवणाऱ्या एका कॉम्प्युटरवर, दोन आला, दुसऱ्यावर तीन, तर ब्लॉकचेन तिथे दुभंगेल. म्हणून क्रमही ठरलेला हवा आणि त्याची टेस्टही हवी. सासूबाईंना बँकेने कधी ऑडिटला बसवलं नाही, ही बँकेची हानी.

आमच्याकडे अधूनमधून टेस्टचीच टेस्ट होते. एक प्रोग्राम मुद्दाम इंटरप्रिटरमध्ये घातपात करतो: कुठे अधिकचं उणे करतो, कुठे ‘पेक्षा लहान’चं ‘पेक्षा मोठं’, आणि बघतो की कुणी ओरडतं का. एकही टेस्ट लाल झाली नाही तर त्याचा अर्थ पहारेकरी झोपलाय. याला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात. टीम लीडना कव्हरेजचा टक्का आवडतो, कारण तो स्लाइडवर मावतो. मला हा घातपात आवडतो. शंभर टक्के कोड टेस्टने चालवून पाहिला आणि उत्तर कुणी तपासलंच नाही, असे प्रकार टक्क्यात दिसत नाहीत.

आता मूळ दुखणं. एरवी प्रोग्रामात चूक सापडली की दुरुस्त करायची आणि पुढे जायचं. इथे तसं चालत नाही. ब्लॉकचेनवरचा प्रत्येक नोड तोच हिशेब स्वतंत्रपणे करतो, आणि सगळ्यांची उत्तरं जुळली तरच गाडं पुढे जातं. समजा एखाद्या फंक्शनचं उत्तर चुकीचं आहे, पण सगळीकडे सारखंच चुकीचं. मग ते बरोबर. आणि कुणी एकट्याने मोठ्या प्रामाणिकपणे ते दुरुस्त केलं, तर त्याचं उत्तर बरोबर आणि तो वाळीत. शिवाय नव्याने येणारा नोड अगदी सुरुवातीपासूनचा इतिहास स्वतः चालवून बघू शकतो, आणि त्याची उत्तरं त्या काळी आलेल्या उत्तरांशी अंकाअंकाने जुळावी लागतात. म्हणजे जुनी चूक जपून ठेवायची; नवी दुरुस्ती अमुक ब्लॉकपासून पुढे. मी हे सांगायला तोंड उघडलं तोच सासूबाई म्हणाल्या, “पेन्शनसारखंच की. जो ज्या तारखेला सुटला त्याला त्या तारखेचा नियम.” मला ऑफिसात हे समजायला एक अख्खं प्रेझेंटेशन लागलं होतं.

म्हणून प्रत्येक टेस्ट भाषेच्या प्रत्येक आवृत्तीत आणि प्रत्येक कालखंडात चालवायची. यादीत शोधणारी दोन फंक्शनं क्लॅरिटीच्या पहिल्या आवृत्तीत प्रश्नचिन्हाशिवाय आली. उत्तर मिळेलच असं नसलेल्या फंक्शनांना शेवटी प्रश्नचिन्ह लावायचा तिथला रिवाज त्यांच्या बाबतीत राहूनच गेला होता. दुसऱ्या आवृत्तीत प्रश्नचिन्ह लागलं. पण जुन्या नावाने लिहिलेले करार आधीच चढलेले, त्यामुळे जुनी नावंही चालू. एकच काम, दोन नावं, आणि टेस्ट दोन्हींची. तिसऱ्या आवृत्तीत ब्लॉकची उंची, म्हणजे साखळीतला त्याचा क्रमांक, सांगणारा एक शब्द काढून त्याजागी दोन आणले. मग नव्या करारात जुना शब्द आला तर नाकारायचा, जुन्या करारात तोच आला तर हसून स्वागत, आणि या दोन्ही वागणुकींची टेस्ट.

हे सगळं जास्तीचं वाटत असेल तर २०२३ चा उन्हाळा आठवावा. एप्रिल-मेमध्ये स्टॅक्सच्या जाळ्यावर २.२, २.३ आणि २.४ अशा तीन तातडीच्या दुरुस्त्या पाठोपाठ आल्या. पहिली, ठेव वाढवण्याच्या सोयीत सापडलेल्या चुकीमुळे. दुसरी, ‘ट्रेट’ नावाच्या सोयीत झालेला बिघाड निस्तरायला. तिसरी, बंद ठेवलेलं सगळं नीट करून पुन्हा सुरू करायला. तिथली माणसं कच्ची नव्हेत. इतकी तयारीची माणसं आणि तरीही हे, म्हणून तर माझी खुर्ची शाबूत आहे.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. तुमच्या डोक्यात एखादा अगदी वेडगळ प्रश्न येत असेल, जो चारचौघांत विचारायची लाज वाटते, तर तो संपादकांच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठवा. रिकाम्या यादीतला शेवटचा कोण, उणे एक रुपया कुणाला दिला तर काय, शून्याचा शून्यावा घात किती (एक, ते बघून झालंय), असलं काहीही चालेल. सासूबाई छाननी करतील. फक्त शून्याने भागायचं सुचवू नका. तो नारळ फुटलाय.